ताईंनंतर कोण? – वऱ्हाडातले अकरा दिवस

पुण्यातल्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं मनुष्यबळ विभागात होते. शेवटची सहा वर्षं माझ्याकडे मुख्यतः एकच काम होतं. ज्यांना नोकरीवरून कमी करायचं ठरलं असेल त्यांना समोर बसवून तसं सांगायचं. ते मला चांगलं जमत असे. आवाज चढू द्यायचा नाही, माफी मागायची नाही, पाण्याचा पेला आधीच भरून ठेवायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन व नेतृत्व या विषयाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं माझ्या निम्म्या वयाची होती. ती मला ‘मॅम’ म्हणत आणि डबा उघडला की भोवती जमत.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एका लहान संस्थेत जाऊन राहायचं असतं आणि तिचा उत्तराधिकार आराखडा करून द्यायचा असतो. म्हणजे साध्या भाषेत, संस्था काढणारं माणूस गेलं किंवा थकलं तर पुढे कोण. अर्ज केल्यावर माझ्या वाट्याला नांदगाव खंडेश्वरची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आली. वऱ्हाड मी तोवर नकाशातच पाहिला होता. जानेवारीत गेले ते बरं केलं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

अकोला, बार्शीटाकळी

संस्थेचं दुसरं केंद्र बार्शीटाकळीला आहे. आधी ते पाहा, मग नांदगावला या, असा निरोप होता, म्हणून मी सकाळी अकोल्याला उतरले. न्यायला वानखडे सर आले होते. ते त्या केंद्राचे प्रमुख. पन्नाशीचे, सडपातळ, बोलताना हात सतत हलवणारे. इतक्या वर्षांत हातांनी बोलायची सवय झाली आहे, तोंड नुसतं सोबतीला, असं ते म्हणाले.

आधी घरी नेलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पाटावर पूर्ण जेवण वाढलेलं होतं. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, वांग्याची भाजी. मी म्हटलं, “इतक्या सकाळी मी फक्त चहा घेते.” वानखडेकाकू सरळ म्हणाल्या, “मंग आज जेवा. चहा पुण्याले गेल्यावर घ्या.” आमच्याकडे पाहुण्याला काय हवं ते विचारतात. इथे सांगतात. काकूंनी मग विचारलं, “भेद्र्याची चटणी चालते ना?” भेद्रं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. एखादा प्राणी असावा अशा शंकेने मी घाईघाईने नको म्हटलं. ती टोमॅटोची चटणी निघाली. काकूंनी ती माझ्या पानात वाढलीच.

बार्शीटाकळीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळी जमीन, वेचणी होत आलेली कापसाची पऱ्हाटी आणि मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. केंद्र तीन खोल्यांचं आहे. शाळा संपलेली मुलंमुली तिथे शिवणकाम आणि संगणकावर टंकलेखन शिकतात. एका खोलीत अकरा शिलाई मशिनी चालू होत्या आणि चालवणाऱ्यांपैकी कुणालाच त्यांचा खडखडाट ऐकू येत नव्हता. तो सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला होता.

मी तिथे दोन दिवस काढले आणि प्रश्नावली भरून घेतली. त्यात एक प्रश्न होता: अडचण आली तर तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे जाता? सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं, ‘ताई’. ताई म्हणजे संस्था काढणाऱ्या प्रमिलाताई गावंडे. दोन्ही दिवशी सकाळी अकराला वानखडे सरांनी त्यांना नांदगावला फोन लावला. “ताई, मी वानखडे, बार्शीटाकळीवरून. आज सोमवार हाये. पुण्याच्या मॅडम आल्या, परवा तिकडे येतील.” दुसऱ्या दिवशीही तसंच, फक्त वार मंगळवार. रोज वार कशाला सांगतात, असं मनात आलं. त्यांची पद्धत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

नांदगाव खंडेश्वर

शाळेच्या दारावरची घंटा मी तीनदा दाबली. आवाज झाला नाही, म्हणून चौथ्यांदा जोरात दाबली. दार उघडलं तेव्हा आत छताजवळ एक पिवळा दिवा पेटला-विझला करत होता आणि सत्तर मुलं माझ्याकडे पाहून हसत होती. दार उघडणारी बाई साधारण अडतिसाची, ठेंगणी, कमरेला पदर खोचलेली. तिने माझं बोट हळूच बटणावरून बाजूला केलं. ती सुनंदा. याच शाळेची पहिली विद्यार्थिनी आणि आता वसतिगृहाची अधीक्षिका. तीही जन्मापासून कर्णबधिर.

ताई ऑफिसात होत्या. वय बहात्तर, पांढरंशुभ्र लुगडं, ताठ कणा. मला बसवून त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती शाळा कशी निघाली याची.

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर एक पोट्टी बसे. काई विचारलं तं नुसती पाहे. मले वाटलं, मस्ती करते. मी तिले छडीनं मारलं. एकदा नाई, वर्षभर. मंग एका दिवशी तिच्या मागं पत्र्याचा डबा पडला, सारा वर्ग दचकला, अना ते तशीच बसून. तवा समजलं.” ताईंनी दाराकडे बोट केलं. “ते पोट्टी म्हणजे आमची सुनंदा. तिचे हात पाहिले का? त्या हातावर मारलं मी.”

ऐकून मी हलले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. ‘एकदा नाई, वर्षभर’ नंतरचा श्वास त्याच ठिकाणी, ‘सारा वर्ग दचकला’ला तसाच हात वर. आमच्या वर्गात या विषयावर एक अख्खं व्याख्यान झालं होतं. संस्थापकाची एक ठरलेली गोष्ट असते, ती तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि हळूहळू ती संस्थेची ओळख होते. मी वहीत लिहिलं: ‘संस्थापकाची गोष्ट, प्रभावी, तयार.’ त्या निरीक्षणावर मी खूश होते.

नांदगावात पाच दिवस गेले. जेवणाच्या पंगतीत बोलण्याचा आवाज नसे, नुसता ताट-वाट्यांचा खणखणाट आणि बोटांचा खेळ. कुणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. शाबासकी म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. मी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या तेव्हा मुलींनी माझे हात धरून नीट शिकवलं. एका संध्याकाळी शेतावर रोडगे झाले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी सुनंदाने गुळाचा खडा पुढे केला आणि खुणेने सांगितलं, आधी हे, मग पाणी.

प्रश्नावलीत इथेही सगळ्यांनी ‘ताई’ लिहिलं. प्रत्यक्षात मात्र कुणी ताईंकडे जात नव्हतं. मुलाला ताप आला की शिक्षिका सुनंदाला शोधत. भाजीवाला आला नाही की स्वयंपाकीण सुनंदाच्या खांद्यावर थाप मारी. तालुक्याच्या कार्यालयातून कागद आला की कारकून तो ताईंच्या टेबलावर ठेवी. दहा मिनिटांनी सुनंदा आत जाऊन तो घेऊन येई आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली करून परत ठेवी. चौथ्या दिवशी ताईंनी मला ती छडीची गोष्ट सांगितली आणि चहा संपण्याच्या आत पुन्हा सुरुवातीपासून सांगितली. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात सुनंदा उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. ‘तयार’ हा शब्द मी वहीतून खोडला. त्याच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही.

रिद्धपूर

ताई महानुभाव पंथातल्या. वर्षातून एकदा तरी रिद्धपूरला जायचंच, असा त्यांचा नेम. रविवारी त्यांनी मलाही गाडीत बसवलं. पुढे ड्रायव्हर, मागे ताई, सुनंदा आणि मी. अमरावती ओलांडली तसे संत्र्याचे मळे लागले. झाडांना आधाराला बांबू लावलेले होते. ताईंनी गाडी थांबवून टोपलीभर संत्री घेतली आणि साल काढून एकेक फोड आम्हा दोघींच्या हातावर ठेवली. लहान मुलांना देतात तशी.

रिद्धपूर शांत आहे. मी देवस्थानं म्हटली की रांग, ढकलाढकली आणि मोठमोठ्या पाट्या अशी कल्पना घेऊन गेले होते. इथे दगडी ओटे आहेत. त्या जागी पंथाच्या गुरूंपैकी कोण बसलं, कुठे विसावलं, याची आठवण म्हणून लोक त्यांच्यापुढे माथा टेकतात. एकमेकांना भेटले की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. ताई एकेका ओट्यापाशी वाकत होत्या, सुनंदा त्यांच्या कोपराला हात लावून. मी सावलीत थांबले.

परत आल्या त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, “दंडवत प्रणाम. तुमी कुठच्या बाई? कोणाच्या घरच्या?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण चेहऱ्यावर अगदी खरी, परक्या माणसाची विचारपूस होती. मी काही बोलायच्या आत सुनंदाने ताईंच्या पिशवीतून एक लहान वही काढली, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. ताईंनी वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पुन्हा पाहिलं आणि खाली ओट्याच्या पायरीवर बसल्या.

“वाचा तुमीच,” म्हणाल्या.

त्यांच्याच मास्तरी, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘अनघाबाई. पुण्याच्या. चष्मा. मी बोलावलं. आपल्यानंतरचं लिहिणार.’

“वर्ष झालं,” ताई सांगू लागल्या. “आधी नावं गेले. मंग वार. आता माणसंच जाऊन राहिले. वानखडे रोज वार सांगते, त्याले वाटते मले समजत नाई काहून सांगते ते. सुनंदा कागद पाहते. सारे झाकून राहिले. मायेनं करतात हो, मी काय म्हणू? पण शाळा अशी किती दिवस चालंल? विश्वस्त विचारत नाई, मी सांगाले गेली तं ‘ताई, तुमी शंभर वर्षं राहा’ म्हणते.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“तुमच्या कॉलेजातून तीन अर्ज आल्ते. दोन पोरं होती, चांगले होते. तुमच्या अर्जात लिहिलं होतं, अठरा वर्षं नोकरी केली, माणसं कमी करायचं काम केलं. म्हटलं, हेच बाई पायजे.” त्या माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, “आमच्या लोकायले माया आडवी येते. तुमाले येणार नाई. तुमी सरळ लिहा. बुधवारच्या बैठकीत वाचून दाखवा. मी तिथंच बसील.”

मला ते तेव्हा कामाचं कौतुक वाटलं. परतीच्या वाटेवर कधीतरी ते तसं वाटेनासं झालं.

त्यांना काय झालं आहे हे डॉक्टरांनी सांगितलं आहे का, असं मी विचारलं. नागपूरला दाखवलं होतं, औषध चालू आहे, थोडं हळू होईल पण मागे फिरणार नाही, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा स्वर अगदी स्थिर होता. सुनंदा आमच्या ओठांकडे पाहत बाजूला बसली होती. तिने संत्र्याची सालं गोळा केली आणि पिशवीत भरली.

अमरावती

दोन दिवसांत मी आराखडा लिहिला. संस्थापकांची प्रकृती, कोणत्या वैद्यकीय कारणाने त्यांनी अध्यक्षपद आणि सह्यांचे अधिकार सोडावेत, हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर शिफारस: शाळेची प्रमुख सुनंदा तायडे, बाहेरचा पत्रव्यवहार आणि कार्यालयं वानखडे सरांकडे. वानखडे सरांना मी आधी दाखवलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मॅडम, हे आमी कोणीच लिहिलं नसतं. चूक काईच नाई याच्यात.”

बैठक देशमुख वकिलांच्या बंगल्यावर होती. ते विश्वस्त, आणि अध्यक्ष असलेल्या ताईंच्या वतीने कामकाज तेच पाहत. पाच विश्वस्त, ताई, वानखडे सर आणि ताईंच्या सोबतीला सुनंदा. आधी गिला वडा आला. दह्यात बुडवलेला, वर तिखट चटणी. अमरावतीत आल्यावर हा खाल्ल्याशिवाय बैठक सुरू होत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. ताईंनी आवडीने खाल्ला. मग मी उभी राहिले आणि वाचायला लागले. आवाज सपाट ठेवला. तेवढं मला येतं.

पहिलं पान संपायच्या आत ताई उठल्या.

“हे कोण बाई हाये? इले कोणी बोलावलं? माह्या डोक्यात बिघाड झाला म्हणते माह्याच लोकायपुढं!”

रिद्धपूर त्यांच्या मनातून गेलं होतं. ओट्याची पायरी, वही, माझ्यावर सोपवलेलं काम, सगळंच. वकीलसाहेब तापले. “मॅडम, ही काय पद्धत आहे? तुमच्या परीक्षेच्या गुणांसाठी तुम्ही एका माउलीचा असा अपमान करता?” वानखडे सरांनी घाईने ताईंच्याच पिशवीतली वही काढून ताईंपुढे धरली. ताईंनी वाचली आणि फेकली. “अक्षर माहंच हाये. कोणी लिहून घेतलं असंल माह्याकडून.”

 कारखान्यात अशा वेळी माणसं ओरडत तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे सरकवत असे. इथे टेबलावर पेला होता. माझा हात गेला नाही.

तेव्हा सुनंदा उठली. ती ताईंच्या समोर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरून थांबली, त्या तिच्याकडे पाहेपर्यंत. मग हात सोडून खुणांनी बोलू लागली. वानखडे सर विश्वस्तांसाठी हलक्या आवाजात अर्थ सांगत होते. “ताई, ही बाई खरं सांगते आहे. तुम्हीच बोलावलं. मी तिथे होते.” ताईंनी खुणेनेच विचारलं, “खरं?” सुनंदाने सांगितलं, “खरं.” ताईंनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मग ताईंची बोटं बराच वेळ चालली आणि सुनंदाची मान हलत राहिली. ते वानखडे सरांनी आम्हाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

शेवटी ताई खुर्चीत नीट बसल्या, पदर सारखा केला. “देशमुख साहेब, लिहा. मी सोडलं. शाळा सुनंदाकडे.”

वकीलसाहेबांचा आवाज उतरला होता, तरी त्यांनी मुद्दा काढला. “ताई, तिच्या कामाबद्दल शंका नाही. पण सरकारी माणसांसमोर ती बोलणार कशी? तिचं कोण ऐकणार?”

“मी तीस वर्षं बोलली,” ताई म्हणाल्या. “ऐकलं कोणी?”

ठराव लिहिला गेला. सुनंदाने सही केली तेव्हा वानखडे सरांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. मग एकेक करून विश्वस्तांनीही, जरा अवघडून. 

पुन्हा नांदगाव

माझं सामान नांदगावला होतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी बडनेऱ्याहून. सकाळी निरोप घ्यायला ताईंच्या खोलीत गेले. काल इतकं झाल्यावर त्या कशा वागतील याची मला धास्ती होती. त्या खिडकीशी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मला पाहून त्यांनी मूठभर दाणे पुढे केले.

“या, बसा. कुठून आल्या तुमी?”

“पुण्याहून.”

“बाप्पा! एवढ्या दुरून? काय काम काढलं?”

“मी शिकते आहे,” मी म्हटलं. “संस्था कशी चालवायची ते.”

“असं शिकवतात काय कॉलेजात?” त्यांना खरंच नवल वाटलं. थोडा वेळ त्या घाटे सोलत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, “मंग आल्याच हाय तं आमची शाळा पाहून जा. मी नाई पाहत आता. सुनंदा पाहते. तिले सांगा, ते दाखवंल तुमाले.”

मी हो म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. गाडीला अजून तीन तास होते. सुनंदा अंगणात मुलींच्या वेण्या घालत होती. माझ्या तोडक्या खुणांनी मी तिला सांगितलं, ताई म्हणाल्या, शाळा दाखव. तिने ताईंच्या खिडकीकडे पाहिलं, हातातली वेणी पुरी केली, हात पुसले आणि मला पहिल्या वर्गापासून सगळी शाळा दाखवली.